रेषेवर न बसलेले पाच बिंदू

तिसावं जर्नल विलास सरांनी टेबलावर टाकलं ते आपटूनच. शंभर ग्रॅमला चौदा सेंटिमीटर, दोनशेला सोळा, तीनशेला अठरा. तिसांच्या तीस जर्नलांत हेच. आलेखावर पाचही बिंदू रेषेवर असे बसलेले, जणू पंगतीला पाट मांडलेत.

"स्प्रिंगला वजनं टांगून लांबी मोजायची होती," सर म्हणाले. "तुम्ही काय मोजलं? एकमेकांची जर्नलं?"

भोसरीतल्या त्या प्रशिक्षण संस्थेच्या खिडकीतून शेजारच्या वर्कशॉपचा जळक्या ऑइलचा वास येत होता. खिडकीखाली गुटख्याच्या पिचकाऱ्या वाळून काळ्या पडल्या होत्या. त्या सगळ्यापेक्षा सरांना समोरच्या ढिगाऱ्याची जास्त किळस आली.

पंधरा दिवस ते मतदार याद्यांच्या कामाला जुंपलेले होते. जाताना प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली शिपाई कौशल्याबाईंकडे देऊन, प्रयोग करून जर्नल भरा, असं पोरांना बजावून गेले होते. जुनी स्प्रिंग ढिली पडून भंगारात गेली, म्हणून जूनमध्ये नवी स्प्रिंग, वजनं असं खोकंभर साहित्य आलं होतं. ते सगळं तपासून कपाटात लावायचं काम सरांनीच एका दुपारी उरकलं होतं. म्हणजे सबब सांगायलाही जागा नव्हती.

"सर, कंपनीत बी असंच भरत्यात की," मागच्या बाकावरून रविराज म्हणाला. त्याच्या घरच्यांच्या चाकणला भाड्याच्या चाळी. नोकरी लागली काय, न लागली काय. "आमचा चुलता शिफ्टवर गेला की पहिल्या दहा मिनिटांत आठ तासांची रीडिंगं लिवून मोकळा हुतो."

हशा पिकला.

"अशा चुलत्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली," सर म्हणाले. "शेवटी ओकारी आली, म्हणून इथं आलो."

खोटं नव्हतं ते. खुर्चीत बसून मापं लिहिणारे आणि ती न बघता खाली सही ठोकणारे, दोघांचीही आठवण निघाली की त्यांचं तोंड अजून कडू व्हायचं.

ते फळ्याकडे वळले. y = mx + c.

"c म्हणजे वजन नसताना स्प्रिंगची लांबी. m म्हणजे रेषेचा चढ, दर ग्रॅमला ती किती ताणली. एवढं समीकरण कुणीही लिहील. पण खरं मोजमाप रेषेवर नीट बसत नाही, राव. हात हलतो, डोळा चुकतो. एक बिंदू जरा वर पडतो, एक जरा खाली. त्यांच्या मधून रेषा काढायची, आणि मग त्या रेषेवरचे दोन बिंदू घेऊन समीकरण लिहायचं. पाचही बिंदू रेषेवर आले की समजायचं, कुणीतरी खोटं बोलतंय."

खडू ठेवून त्यांनी विचारलं, "एकतिसावं कुणाचं राहिलंय?"

दीपमाला उभी राहिली. लातूरकडची पोरगी. बाप इथंच एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होता. चार महिन्यांपूर्वी त्याची दोन बोटं मशीननं घेतली. त्या सकाळीही मशीनच्या तपासणीच्या कागदावर 'ठीक'ची खूण होतीच. आता खोलीचं भाडं आई चार घरची धुणीभांडी करून भरत होती. शुक्रवारी चाकणच्या एका कंपनीतून क्वालिटीच्या तेजस्विनी मॅडम येणार होत्या. जागा एकच, आणि सर नाव देतील त्याला. त्या जागेकडे दीपमाला कशी डोळे लावून बसलीय, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं.

"माझं उद्या देते, सर. एक रीडिंग पुन्हा घ्यायचंय."

दुसऱ्या दिवशी तिनं जर्नल आणलं. चौदा पूर्णांक एक. पंधरा पूर्णांक आठ. अठरा पूर्णांक दोन. पाच बिंदू, एकही रेषेवर नाही. कुठं वर, कुठं खाली. मधून पेन्सिलची बारीक रेषा. समीकरण शेवटी तेच आलं होतं, y = 0.02x + 12. पण सर त्या पानाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग जर्नल उघडं धरून वर्गभर फिरवलं.

"ताई, तुला पट्टी धरताच येईना व्हय?" रविराज म्हणाला.

"ती धरते तरी," सर म्हणाले. "बस खाली."

शुक्रवारी तेजस्विनी मॅडमनी चहाला नको म्हटलं. "हुशार पोर नको, सर. हुशार आमच्याकडे ढीगभर पडलेत. जे दिसलं तेच लिहिणारं द्या."

सरांनी तिसांपैकी एक जर्नल ठेवलं आणि त्याच्या शेजारी दीपमालाचं. मॅडमनी दोन्ही आलेखांवरून बोट फिरवलं. पहिलं बंद करून बाजूला सारलं, आणि पिशवीतून पत्र काढून त्यावर दीपमालाचं नाव लिहिलं.

जाताना पोरीनं सरांच्या पायांना हात लावला. "तुम्ही त्या दिवशी समजावून सांगितलं म्हणून झालं, सर. नाहीतर माझं बी बाकीच्यांसारखंच गेलं असतं."

एकतिसांत एक तरी निघाली. ती स्प्रिंग आता काचेखाली ठेवायची आणि दरवर्षी नव्या पोरांना दाखवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि कौशल्याबाईंना घेऊन ते प्रयोगशाळेत गेले.

किल्ली फिरेना.

"आडलंय जनू, सर. थांबा, तेल घालते."

"पावसाळी हवा," सर म्हणाले.

तेलाचे चार थेंब गेल्यावर कुलूप करकरत निघालं. खालच्या फळीवर जूनमध्ये आलेलं ते खोकं होतं. सरांनी फुंकर मारली तशी धूळ त्यांच्याच तोंडावर आली. खोक्याला दुकानदारानं मारलेली चिकटपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती, आणि तिच्यावर डकवलेल्या चिठ्ठीत सरांच्याच वळणदार अक्षरात, सहीनिशी, लिहिलेलं होतं: उघडून तपासले, ठीक आहे.