नागपूरची गिरांट

"म्हंजे गिरांट नागपूरहून निघते, पन आमच्या तांड्यात यायले तिले दुसऱ्याचं घर लागते," गोमतीबाई म्हणाली. "काहून?"

ग्रामसेविका विजयमाला तिला तेच पुन्हा एकदा समजावू लागली. किन्हीराजाच्या पलीकडच्या लमाण तांड्यावरून दोघी भल्या सकाळी चालत निघाल्या होत्या आणि आता गोरक्षण संस्थेच्या ओट्यावर तिच्या शेठची वाट पाहत बसल्या होत्या. आत एक गाय सारखी हंबरत होती.

"सरकार माणसाला अनुदान देत नाही, आजी. संस्थेला देतं. तीही रजिस्टर झालेली, जुनी पाहिजे. तुमची बालवाडी तर कालची."

"आमचा तांडा सरकारच्या पयलेचा हाय."

"पण तो रजिस्टर नाही ना."

गोमतीबाईला राग आला नाही, नवल वाटलं. सरकार नव्या सुनेसारखं दिसतंय, ओळखीच्या माणसासमोरच तोंड उघडतं, असं तिच्या मनात आलं. एवढ्या मोठ्या सरकारला कशाची लाज वाटत असावी, याचा ती विचार करत राहिली.

गेल्या कापूस वेचणीत भुरीबाईचं रांगतं पोर शेताच्या धुऱ्यावर, बांधावर टांगलेल्या झोळीतून उतरलं आणि नाल्यात बुडालं. आई पलीकडच्या ओळीत वेचत होती, तिला कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून तांड्यातली सगळी लहान पोरं गोमतीबाईनं आपल्या झोपडीत गोळा केली होती. पोरं सांभाळली जायची, पण दुपारी त्यांच्या हातावर भाकरीचा कोरडा तुकडा ठेवताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकटीनं हे रेटणं आता होत नव्हतं. दूध आणि एक शिकवणारी बाई मिळाली नाही, तर दिवाळीनंतर झोळ्या पुन्हा धुऱ्यावर जाणार होत्या. त्या झोळ्या तिला डोळ्यांसमोर नको होत्या.

वाट विजयमालेनंच शोधली होती. गोरक्षण संस्था रजिस्टर होती. संस्थेनं आपल्या नावावर अनुदान घ्यायचं आणि बालवाडी तांड्यानं चालवायची.

हिरालाल शेठ आले तशा दोघी उठून आत गेल्या. शेठ गादीवर बसले, विजयमालेनं सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं, टोपी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "बाई, ही गाईंची संस्था हाय. इथं लेकरं कुठं बसवू?"

"तुमच्या नियमांत 'गोसेवा आणि इतर लोकोपयोगी कामं' असं आहे, शेठजी."

होतं खरं तसं. इतक्या वर्षांत त्या 'इतर'मध्ये एकही काम शिरलेलं नव्हतं, हा भाग वेगळा.

"ठीक हाय," शेठ म्हणाले. "पैसा माह्या संस्थेच्या नावावर येईन. जबाब मले द्या लागंन. अन् हे लोक तं हंगाम आला की बिऱ्हाड उचलून कामाले जातात. उद्या साहेब बालवाडी पाहाले आला अन् तांड्यात चिटपाखरू नसलं, तं बट्टा कोनाच्या नावाले? मी कोनाले धरू?"

हे सगळं ते विजयमालेशी बोलत होते. गोमतीबाई जणू त्या खोलीत नव्हतीच.

"शेठ," ती म्हणाली, "तुमच्या आज्याच्या दुकानात मीठ कोनाच्या बैलांवर आलं?"

शेठ थबकले. "लमाणांच्या. पन त्याचं इथं काय?"

"माह्या आज्याच्या बैलांवर आलं. गोणी तुमची, पाठ आमच्या बैलाची. महिना महिना वाट चालाची. रस्त्यात आमच्या चुलीवर मीठ सरलं, तं आमी बाजारात इकत घेतलं, पन तुमच्या गोणीचं तोंड कोनी सोडलं नाही. तवा तुमच्या आज्यानं इचारलं काय, का लमाण उठून गेला तं मी कोनाले धरू?"

लहानपणी शेठनी घरात हे ऐकलं असणार, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"आता उलटं झालं," गोमतीबाई म्हणाली. "गोणी आमची हाय, नागपूरहून यायची हाय. आमाले पाठ तेवढी पायजे. या खेपेले बैल तुमी व्हा."

विजयमालेनं तिला हळूच कोपरानं ढोसलं. कोपऱ्यात बसलेल्या मुनीमजींनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. शेठची सारी हयात गोरक्षणात गेली होती, पण आजवर त्यांना कुणी गोठ्यातल्या जनावरांत धरलं नव्हतं. त्यांच्या मिशा थोड्या हलल्या. हा राग आहे की हसू, ते गोमतीबाईला कळेना. ती टक लावून पाहत राहिली.

"अन् बैल वाटेतच बसला तं?" शेठनी विचारलं. आता मात्र ते थेट तिच्याशीच बोलत होते.

"बसत होते ना. भलते आडमुठे बसत. पन आमी माल टाकून पुढं नाही गेलो, शेठ. तो उठे तवरक त्याच्यापाशीच बसून राह्यलो."

आणि घागरा सावरून ती गादीच्या समोर, शेठकडे तोंड करून, फरशीवर ऐसपैस बसली.