दुपारची वेणी

संध्याकाळी आईला वृद्धांच्या डे केअरमधून न्यायला लेक आली, तेव्हा आईची वेणी पुन्हा कुणीतरी चापूनचोपून घातलेली होती. लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी नुसता कंगवा दिसला तरी आई तिच्या हाताला चावायची.

"हिच्या केसांना हात कोण लावतं?" तिने मदतनीस बाईंना दरडावून विचारलं.

"अहो, असं काय करता? तुम्हीच तर दुपारी येऊन घालता." बाई हसल्या. "तेव्हा किती मायेनं बोलता त्यांच्याशी! आता मात्र नुसत्या खेकसताय."

दुपारी ती कामावर असायची. आईचं हगणंमुतणं काढायचं हिनं, आणि माया मिरवायची भलतीनंच! दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती जेवणं आटोपायच्या सुमारास तिथे येऊन थडकली.

दारातच बाई गोंधळल्या. "तुम्ही आत्ताच तर आत गेलात..."

त्यांना बाजूला सारून ती आत घुसली. आई खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. तिच्या मागे कुणीच नव्हतं. वेणी अर्धी झाली होती, आणि केसांचे तिन्ही पेड ताणलेले, हवेत तसेच थांबले होते.

"आई!" ती किंचाळली.

आईने मान वळवली नाही. हळूच म्हणाली, "थांबलीस का गं? घाल तू. ती थोडा वेळ ओरडेल आणि जाईल."

पेड पुन्हा एकमेकांवरून फिरू लागले.