वाटेकरी

विमलबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा जगदेवराव वाशीमला टॅक्सची कामं करणाऱ्या ऋषिकेशच्या ऑफिसात बसले होते. शेलूबाजारचे बारा गाळे नवरा-बायको दोघांच्या नावावर होते. भाडं अर्धं-अर्धं दाखवलं की टॅक्स कमी बसायचा.

तेरवी झाल्यावर ऋषिकेश म्हणाला, "काका, आता सारं भाडं तुमच्या एकट्याच्या अंगावर येते. घरचं कोनी मोठं असन तं त्याच्या नावानं अर्धे गाळे करून टाका. बोला, कोनाचं नाव लिहू?"



वीस वर्षांपूर्वी विमलबाई बहिणीची पोर दत्तक घेऊ म्हणाल्या, तेव्हा जगदेवरावच खेकसले होते, "गाळ्याईले वाटेकरी कायले आनतं वं?"



ऋषिकेशच्या कागदावर नावाची जागा अजून कोरीच आहे.