कोंडाबाईच्या हातचा गोळा

पिराजीने पांढऱ्या मातीचा गोळा मांडीवर घेतला तो काही केल्या सोडीना. दरसाल जयंतीआधी घर पोतारायचं म्हणून त्याची बायको कोंडाबाई माती भिजवून गोळे वाळत घालायची. औंदा गोळे वाळले आणि कोंडाबाईच गेली. बाकीचे गोळे शेजारणींनी तिच्याच भिंतींना लावले. हा एकटा फळीवर राहिला होता, तिची पाच बोटं उमटलेला.

"अप्पा, द्या की," लेक संध्या म्हणाली.

"तुझ्या गुलबर्ग्यात माती न्हाई व्हय गं?"

"हाय. पर माझं समदं संशोधन टेकडीखालच्या ह्याच मातीवर झालंय. तिथं आता रोड झाला. शेवटचा प्रयोग हुकला तर इतकी वर्षं पाण्यात जातील."

"कुटणार?"

"कुटणार. साबणासारखं औषध घालून शिजवणार, मग भट्टीत भाजणार. औषध जळून जातं, अन् ते जिथं होतं तिथं बारीक बारीक जागा राहत्यात. पाण्यातली घाण त्या जागांत अडकती."

पिराजीने कोंडाबाईच्या बोटांच्या खुणांत आपली बोटं ठेवून बघितली. मावली नाहीत. जीव तुटत होता बिचाऱ्याचा.

"ने. माझ्यासमोर मात्र फोडू नको."

लेक गोळा घेऊन गेली आणि पिराजीला दुपारच्या डुलकीत भलतंच दिसू लागलं. गोळ्याचं घर झालेलं, घराला हजारो इवली दारं, अन् कोंडाबाई हातात पोतेरं घेऊन कुरकुरत उभी, "एवढी दारं कोण पोतारंल? या की इकडं, बसलाव कामून?" तो उठायचा, पण दार सापडायच्या आत जाग यायची. एकदा अबोला धरला तर आठवडा न सोडणारी बाई ती. स्वप्नात तरी बोलत होती, हेच खूप.

मग एके दिवशी संध्या आली. पुडीत पिठासारखी पांढरी भुकटी होती.

"एवढीच उरली?" पिराजीने पुडीत वाकून बघितलं.

"तिथं करून बघितलं न्हाई अप्पा. म्हटलं, पहिल्यांदा तुमच्यासमोरच."

तिने काचेच्या ग्लासात गडद निळा रंग कालवला, जयंतीच्या झेंड्यासारखा. त्यात भुकटी टाकून ढवळलं. ग्लासात नुसतं निळं धुकं झालं. संध्या ओठ चावत बसली होती. बापाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

हळूहळू धुकं खाली बसत गेलं. वर पाणी राहिलं, नितळ. तळाशी माती निळीशार झाली होती.

"जमलं गं!" पिराजी ओरडला. मग ग्लास उजेडात धरून बघतच राहिला. "ह्यो रंग आता धुतला तर जाईल का?"

"न्हाई अप्पा. साध्या पाण्यानं जात न्हाई."

पिराजी हसला. हसता हसताच त्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"कसा जाईल? तुझ्या आईनं एकदा धरलं की सोडती व्हय!"