सुतकातला मंत्र

खांबेटे गुरुजींचा पाय घरात ठरत नव्हता. पाच दिवस देवघर बंद होतं. धाकटा भाऊ श्रीपाद नागपुरात वारल्याचा फोन आला, त्याच दिवशी दरड कोसळून घाट बंद झाला. शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. त्याचे विधी कुणा परक्या गुरुजींनी केले असतील, नीट केले असतील ना, एवढंच डोक्यात फिरत होतं.

खालच्या आळीतली सुलभा दारात आली. "गुरुजी, आई गेली सकाळी. चला."

"अगं, मला सुतक आहे. मी कसे मंत्र म्हणू? घाटावरून दुसरं कुणी बोलाव."

"रस्ता कुठाय? आणि सुतक तर आम्हालाही आहे. कोण कुणाला विटाळणार?"

गुरुजींनी ओटीवर दोन येरझाऱ्या घातल्या. मग खुंटीवरचं उपरणं ओढलं आणि तिच्या आधी पायऱ्या उतरले.

स्मशानात सुलभाने खांद्यावर मडकं घेतलं. गुरुजी भराभर मंत्र म्हणत होते. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायची वेळ आली, आणि भागीरथीबाईंऐवजी तोंडून ‘श्रीपाद’ निघून गेलं. त्यांनी मंत्र थांबवला. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"चुकलो गं," एवढंच कसंबसं म्हणाले.

मडक्यातलं पाणी सुलभाच्या पाठीवरून ओघळत होतं. "तुमचे भाऊ ना? मग आधी त्यांचं म्हणा, गुरुजी. आई थांबेल."