देवांची बदली

मिस्त्रींनी शहाबादी फरशीवर खडूनं चौकोन आखला. "सांडपाणी जातं ते ह्याच भिंतीमागनं. खाली संडास बसंल तर इथंच." चौकोनाच्या मधोमध देव्हारा होता.

"छे! देवाला उठवून तिथं संडास?" मुलगा ताडकन म्हणाला. "त्यापेक्षा आई, तूच वरच्या खोलीत राहा. तिथं संडास आहे, टीव्हीपण लावून देतो."

आईचे गुडघे दोन वर्षांपासून रुसले होते. "एकदा वर गेले की खाली येईन ती चौघांच्या खांद्यावरच," ती म्हणाली. "ओट्यावर बसून मटार सोलायचे, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची, तेवढंच तर उरलंय मला."

मग तिनं देव्हाऱ्यातून खंडोबाचा चांदीचा टाक उचलला आणि पदरानं पुसला. "मल्हारीराया, नवलाख पायऱ्यांच्या गडावर राहतोस, शिवाय दोन दोन बायका सांभाळतोस. आमच्या चौदा पायऱ्यांनी तुला धाप लागायची नाही. माझे गुडघे गेले, तुझा घोडा अजून धडधाकट आहे. तूच जा बाबा वर."

"अगं, पण रोज पूजेला वर कोण चढणार?"

"तू. पोटही उतरेल."

सातव्या पायरीवर मुलगा थांबला. हातातल्या ताम्हणात सगळे देव दाटीवाटीनं बसले होते आणि त्याच्या छातीचा भाता झाला होता. खालून आई ओरडली, "येळकोट म्हण की रे, चढण हलकी होते!"