पुढच्या खांबापर्यंत

आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, अशी तेरा तासांची शर्यत तिच्या नवऱ्याने परवाच पुरी केली होती. "सगळं अंतर एकदम डोळ्यांपुढे आणलं की माणूस खचतो. फक्त पुढच्या खांबापर्यंत जायचं, मग त्याच्या पुढच्या," असं तो क्लबातल्या नवख्यांना सांगायचा, आणि ती मागे बसून त्याचे ओले मोजे पिळत ऐकायची.

आज मात्र सासूबाईंना ठेवलेल्या शुश्रूषागृहातला वीस पावलांचा बोळ त्याला संपता संपेना. मागच्या खेपेला आईने त्याला ओळखलं नव्हतं, तेव्हापासून तो इकडे फिरकलाच नव्हता.

"अहो, त्या पाण्याच्या फिल्टरपर्यंत तर चला," ती म्हणाली. तो आला.

"आता त्या व्हीलचेअरपर्यंत. मेडल नाही मिळायचं, पण चला."

तिथवरही आला. खोलीच्या दारात मात्र त्याचे पाय रुतले. "तू हो पुढे, मी आलोच," म्हणत तो चौकटीला धरून उभा राहिला.

ती एकटीच आत गेली. तिने सासूबाईंची नखं कापली, चादर बदलली, विंचरून सैलशी वेणीही घातली. अर्धा तास झाला तरी हा दारातच.

सासूबाईंनी तिला खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या,



"कुणाचा मुलगा आहे कोण जाणे, पण फार दमलाय गं तो. त्याला म्हणावं, आत येऊन जरा बस."